आडवं कोण आलं?

(कोपरगावात एका शिक्षकाच्या स्मरणार्थ भरणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा पाठ)



ज्या गुरुजींच्या नावानं आपण दरवर्षी इथं जमतो, ते मला गणिताला होते. वेग, वेळ आणि अंतर हा धडा त्यांनी फळ्यावर शिकवलाच नाही. आमचा सातवीचा वर्ग त्यांनी नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला नेला, लिंबाखाली बसवला आणि तारेच्या दोन खांबांमधलं अंतर आमच्याकडून टेप धरून मोजून घेतलं. ५० मीटर भरलं. मग मनगटावरचं घड्याळ काढून एकाच्या हातात दिलं. ट्रक पहिल्या खांबाशी आला की एकानं ओरडायचं, दुसऱ्या खांबाशी पोचला की दुसऱ्यानं, आणि मध्ये किती सेकंद गेले ते तिसऱ्यानं वहीत मांडायचं. ट्रकांना साधारण चार-पाच सेकंद लागत, म्हणजे ताशी ४० किलोमीटरच्या आसपास. एक बैलगाडीही त्यांनी मोजायला लावली. तिला पाऊण मिनिट लागलं आणि आम्ही हसून लोळलो. गुरुजी हसले नाहीत. ‘गाडीवान झोपला तरी बैल माणसाला पाहून थांबतो, हे पण लिहा,’ म्हणाले.

पुढं मी वकील झालो. मोटार अपघाताचे दावे चालवण्यात माझी उभी हयात गेली. या दाव्यांच्या फायलींत दोन वाक्यं हटकून सापडतात. पहिलं फिर्यादीत असतं: ‘भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’. पोलीस ठाण्यात लिहिणाऱ्याचा हात ते आपोआप लिहितो. दुसरं वाक्य वाहनमालकाच्या किंवा विमा कंपनीच्या कैफियतीत येतं. मेलेला माणूस मोठा असेल तर या वाक्याची रूपं बदलतात. मूल असेल तर ते एकच असतं: ‘मूल अचानक आडवं आलं.’

आजचं व्याख्यान या एका शब्दावर आहे. आडवं.

फार वर्षांपूर्वीचा एक दावा सांगतो. नावगाव सांगत नाही, कारण ती माणसं अजून आहेत. जून महिना, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या. नऊ वर्षांची मुलगी पुस्तकांना कव्हर घालायला खाकी कागद आणायला गेली होती. परत येताना ट्रकनं उडवली. पंचनाम्यात पंचांनी जिन्नस लिहिले होते: खाकी कागदाचे चार ताव, गुंडाळी केलेले, एक रुपयाचं नाणं. रस्त्याची रुंदी ७ मीटर. वळणापासून ठिकाणापर्यंतचं अंतर ६० मीटर. टायर घासल्याच्या खुणा ३५ मीटर. हे आकडे ध्यानात ठेवा, शेवटी लागतील.

मुलीची आई साक्षीला उभी राहिली. समोरच्या वकिलानं उलटतपासात विचारलं, ‘बाई, मुलीनं रस्ता ओलांडताना दोन्हीकडं पाहिलं होतं, असं तुम्ही शपथेवर सांगू शकता का?’ बाई म्हणाल्या, ‘मी घरात होते.’ वकील खूश. पण बाई थांबल्या नाहीत. ‘ती रोजच जायची की तिथून. दुकान तिकडं, घर इकडं.’

तो वकील मी होतो. त्या काळात मी विमा कंपनीची कामं घ्यायचो, आणि कैफियतीतलं ‘अचानक आडवी आली’ हे माझ्याच टंकलेखकाला मी सांगितलेलं वाक्य होतं.

दुकान तिकडं, घर इकडं. या चार शब्दांत जे आहे ते मला कळायला बरीच वर्षं लागली. ती मुलगी कोणाला आडवी गेली नव्हती. ती सरळ घरी चालली होती. आडवा होता तो रस्ता.

आता जरा आपल्या गावाकडं पाहू. कोपरगाव गोदेच्या काठचं, जुनं. राघोबादादा १७८३ साली इथं वारले. म्हणजे आज ज्या रस्त्यानं गाड्या धावतात, त्याला डांबर लागण्याच्या किती आधी इथं घरं होती, घाट होता, बाजार भरत होता आणि पोरं इकडून तिकडं पळत होती. जुन्या माणसांना धोका कळत नव्हता असं नाही. नदीत पोर बुडेल म्हणून घाटाला पायऱ्या बांधल्या. विहिरीत पडेल म्हणून कठडा बांधला. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा सरकारनं असं म्हटलं नाही की, लोकांनो, गाडी येताना पाहून घ्या आणि पोरांना समजावून सांगा. फाटकं लावली, फाटकवाला बसवला, शिट्टी द्यायला लावली, वेळापत्रक छापलं. वजनदार आणि वेगवान वस्तू वस्तीतून जाणार असेल तर अडवायचं कोणाला आणि सोडायचं कोणाला हे आधी ठरवावं लागतं, एवढं व्यवहारज्ञान त्यात होतं.

नदीला घाट, विहिरीला कठडा, रेल्वेला फाटक. आणि रस्त्याला? रस्त्याला आपण काहीच लावलं नाही. मुलाला उपदेश लावला. उजवीकडं बघ, डावीकडं बघ, पुन्हा उजवीकडं बघ. आपल्याकडं रस्त्याला फाटा फुटतो तिथं गाव उभं राहतं. पुणतांबा फाटा घ्या, झगडे फाटा घ्या. टपऱ्या येतात, रसवंती येते, एसटीचा थांबा होतो, दप्तरं पाठीवर घेतलेली पोरं उभी राहतात. फाटा आहे, फाटक नाही.

तुम्ही म्हणाल, वकीलसाहेब, उपदेशात वाईट काय? वाईट काही नाही. तो लहान मुलाला पेलत नाही, एवढंच. स्वीडनमध्ये स्टिना सँडेल्स नावाच्या बालमानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात मुलांचं रस्त्यावरचं वागणं वर्षानुवर्षं पाहिलं. मुलाला वाहतुकीच्या साच्यात बसवता येत नाही, वाहतुकीला मुलाच्या मापानं बसवावं लागतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०११ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी आणखी नेमकं मोजलं. समोरून येणारी गाडी डोळ्यांत मोठी मोठी होत जाते, त्यावरून आपण तिचा वेग ओळखतो. प्राथमिक शाळेतल्या मुलांची ही ओळख ताशी ३२ किलोमीटरच्या वर भरवशाची राहत नाही. गाडी जितकी जोरात, तितकी ती मुलाला उभी असल्यासारखी वाटते. मूल बघतं, नीट बघतं, आणि तरी त्याला दिसत नाही. त्यात त्याची उंची उभ्या गाडीच्या बॉनेटएवढी. दोन गाड्यांच्या मधून त्याला रस्ता दिसत नाही आणि ड्रायव्हरला ते दिसत नाही.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. सात वर्षांखालच्या मुलाच्या हातून काहीही घडलं तरी तो अपराध नाही, हे ब्रिटिशांच्या वेळेपासून दंडविधानात आहे आणि नव्या भारतीय न्याय संहितेतही आहे. आपण त्याला खुनाची जबाबदारी देत नाही, पण ट्रकचा वेग ओळखायची देतो.

आता ड्रायव्हरच्या बाजूचं गणित. माणसाला संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी ५० नं जाणारी गाडी तेवढ्यात २० मीटर पुढं जाते आणि मग ब्रेक लागून थांबायला आणखी १४ मीटर घेते. एकूण ३४. ताशी ३० असेल तर सगळं मिळून १७-१८ मीटर. ताशी ८० असेल तर ६८. वेग पावणेतीन पट होतो, थांबायचं अंतर चौपट. म्हणून जगभरच्या मंत्र्यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला जमून जाहीर केलं की, माणसं आणि वाहनं जिथं मिसळतात तिथं कमाल वेग ताशी ३० किलोमीटर असावा. तो आकडा हवेतून आला नाही. मुलाची नजर आणि गाडीचा ब्रेक यांची गाठ तिथंच पडते.

आपल्या तालुक्यात या गणितात दोन गोष्टी आणखी मिसळतात. पहिली गोड आहे. कोळपेवाडी आणि सहजानंदनगरच्या कारखान्यांचे बॉयलर पेटले की रस्त्यावर ऊस येतो. या सभागृहात चाळिशीच्या पुढचा असा एकही पुरुष नसेल, ज्यानं गाडीमागं पळून ऊस ओढला नाही. मीही ओढलाय. गाडीवान आसूड फिरवायचा, शिव्या द्यायचा, पण गाडी पायी चालणाऱ्याच्या चालीनं जायची. पडलो तर गुडघा फुटायचा. आता तोच ऊस ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्यांवर येतो. वर टेप मोठ्यानं लावलेला, मागं दिवा नाही, परावर्तक मातीनं माखलेला, आणि टिपरं दोन्ही बाजूंना हातभर बाहेर. पोरगं मागच्या ट्रॉलीचा ऊस ओढतं तेव्हा ड्रायव्हरला ते दिसणं शक्यच नाही. मागून ट्रॉलीला ओव्हरटेक करणारी मोटरसायकल पोराला दिसत नाही. पोरगं तेच आहे, खोडी तीच आहे. आमची माफ झाली, कारण बैलांचा वेग माफ करणारा होता.

आणि रस्त्याकडेच्या कोप्यांतली पोरं विसरू नका. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबाचं अंगण म्हणजे डांबराची कडा. आई-बाप पहाटे फडात गेले की आठ वर्षांची बहीण दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन पाण्याला रस्त्यापलीकडं जाते. तिला उजवीकडं-डावीकडं शिकवायला कोणती शाळा आहे?

दुसरी गोष्ट नवी आहे. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. तो रस्ता उत्तमच आहे. दोन्हीकडून कुंपण, पायी माणसाला बंदी, मोटारीला ताशी १२० ची मुभा. पण जो माणूस तासन्‌तास १२० नं येतो आणि कोकमठाणजवळ खाली उतरतो, त्याच्या डोळ्याला ७० हा वेग रांगण्यासारखा वाटतो. त्याला खरोखर वाटतं की तो हळू चाललाय. समृद्धीवर जे कुंपण त्याला आणि गुरांना वेगळं ठेवत होतं, ते संपलेलं असतं. पुढं शिर्डीला निघालेल्या पायी दिंड्या असतात, एसटीतून उतरणारी पोरं असतात. वेग उतरवायला त्याला कोणी काही दिलेलं नसतं.

हे आपल्यापुरतंच आहे असं समजू नका. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणं २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत १८ वर्षांखालची ९,५२८ होती. रोजची २६. जिल्हा परिषदेच्या एका लहान शाळेचा पट रोज पुसला जातो म्हणा.

मंडळी, इथपर्यंत तुम्ही माना डोलावल्यात. ट्रकवाला, ट्रॅक्टरवाला, समृद्धीवरून आलेला पाहुणा, सगळे परके आहेत तोवर मान डोलावणं सोपं असतं. आता जरा अवघड बोलतो. माझ्या फायलींतले निष्काळजी चालक बहुतेक जवळपासचेच निघाले. दूधवाला, पुतण्या, मुलाला शाळेत सोडून घाईनं परतणारे वडील. सकाळी कोणत्याही शाळेच्या दारात उभे राहा. आपलं मूल पायरीपर्यंत पोचावं म्हणून आपण गाडी फाटकाला लावतो, शेजारी दुसरा लावतो, आणि त्या दोन गाड्यांच्या फटीतून तिसऱ्याचं मूल रस्त्यावर येतं. स्कूटरवर पुढं एक, मागं दोन, एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर पट्टा आणि हेल्मेट हवं, वेग ४० च्या आत हवा, हा नियम केंद्रानं २०२२ साली केला. किती जणांनी तो पट्टा नुसता पाहिला तरी आहे?

नववीतल्या पोराला गाडी देणं हा तर आपल्याकडं कौतुकाचा विषय. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९९-अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना नाही. हे मी पक्षकारांना सांगतो तेव्हा ते विचारतात, ‘काही तडजोड?’

तडजोड हा आपला आवडता शब्द. अपघात झाला की चालवणारा बदलतो, परवाना असलेला चुलत भाऊ उभा केला जातो. गाडीचा विमा संपलेला निघतो. ट्रॅक्टरचा असला तर ट्रॉलीचा नसतो. न्यायाधिकरण भरपाईचा आदेश देतं आणि ती वसूल करायला मुलाचा बाप मालकाच्या दारात खेटे घालतो. आणि भरपाई तरी कशी मोजायची? मूल कमावत नाही. म्हणून १९९४ पासून कायद्याच्या परिशिष्टात न कमावणाऱ्याचं मानीव उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरलेलं होतं. किशन गोपाल विरुद्ध लाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली महागाई पाहून १० वर्षांच्या मुलासाठी ते ३०,००० धरलं आणि एकूण ५ लाख दिले. न्यायालयानं औदार्य दाखवलं, यात शंका नाही. पण ‘मानीव उत्पन्न’ हा शब्द त्या आईला मराठीत समजावून सांगायची वेळ वकिलावर येते. मी तो कधीच धड समजावू शकलेलो नाही.

शिक्षा वाढल्या आहेत. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्यास जुन्या कायद्यात २ वर्षं होती. १ जुलै २०२४ पासून ती ५ वर्षांपर्यंत गेली. वाढू द्या. पण शिक्षा अपघातानंतर येते. कठडा आधी बांधायचा असतो.

कोणी बांधला का? बांधला. हॉलंडमध्ये १९७१ साली रस्त्यावर ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेवर मुलं. एका पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी सायकलवरून शाळेत जाताना गेली. त्यानं लेख लिहिला, मथळा दिला: ‘बालहत्या थांबवा’. ‘अपघात’ हा शब्द त्यानं टाळला, हे माझ्यासारख्या शब्दांवर पोट भरणाऱ्याला फार महत्त्वाचं वाटतं. त्या मथळ्याची चळवळ झाली. आयाबाया मुलांना घेऊन रस्त्यात बसल्या. १९७६ साली तिथं वस्तीतल्या अशा रस्त्यांना कायद्यानं मान्यता मिळाली, जिथं गाडीनं माणसाच्या चालीनं जायचं आणि मुलानं रस्त्यात खेळायचं. ज्या देशाला आपण सायकलींचा देश म्हणून ओळखतो, तो असा झाला.

आपल्याकडं चळवळ होत नाही, असं नाही. आपली पद्धत ठरलेली आहे. मूल जातं, संध्याकाळी रास्ता रोको होतो, टायर जळतात, साहेब येतात, आठवड्यात गतिरोधक पडतो. तो पडतो म्हणजे मुरूम-डांबराचा ढीग पडतो. रंग नाही, फलक नाही. पुढच्या महिन्यात त्यावरून रात्री मोटरसायकलवाला उडतो आणि मग गतिरोधक काढा म्हणून निवेदन जातं. वास्तविक गतिरोधकाचं माप ठरलेलं आहे. ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गाडीला ताशी २५ वर आणणारा. त्याच उंचीवर पट्टे ओढून मुलांना ओलांडायला वाट केली तर मूल खाली उतरत नाही, गाडीला वर चढावं लागतं. कोणी कोणाला आडवं जायचं, ते तिथं रस्ताच सांगतो.

म्हणून मागणी करायची तर मोजून करू. गावच्या रस्त्यावर, शाळेच्या दोन्ही अंगांना, ताशी ३० चा वेग आणि तो वेग भाग पाडणारी उंच वाट. एसटीचा थांबा ओलांडायच्या जागेच्या पुढं, म्हणजे बसच्या आडून कोणाला यावं लागणार नाही. उसाच्या ट्रॉलीला परावर्तक नसेल तर काट्यावर वजन नाही, हा कारखान्यांनी स्वतःवर घालून घेतलेला नियम. शालेय परिवहन समिती राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली असायची असते; तिची वर्षातून एक सभा तरी शाळेच्या दारात, सुटायच्या वेळेला, उभ्यानं घ्यावी. आणि जखमी मुलाला कोणी गाडीत घालून दवाखान्यात नेलं तर त्याच्यामागं चौकशीचा ससेमिरा लागत नाही, हे कलम १३४-अ नं स्पष्ट केलंय. हे तरी आज घरी जाऊन सांगा.

हे मागायला पुरावा लागेल. तो मोठ्या संस्थेकडून मागवायची गरज नाही. सातवीचा वर्ग, एक टेप, एक घड्याळ. प्रत्येक शाळेनं वर्षातून एकदा दोन खांबांमध्ये गाड्या मोजाव्यात, वहीतला तक्ता जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या रस्ता सुरक्षा समितीला पाठवावा. मुलांच्या अक्षरात. परवा मी स्वतः त्याच लिंबाच्या जागेवर उभा राहिलो. लिंब नाही, खांब आहेत. एक पांढरी मोटार ते ५० मीटर दोन सेकंदांत गेली. ताशी ९०.

आता त्या दाव्याकडं येतो. निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुजी मला बाजारात भेटले. मुलगी त्यांच्या शाळेतली नव्हती, पण गावात सगळं कळतं. त्यांनी मला रागावलं नाही. एवढंच विचारलं, ‘तिच्याकडं किती सेकंद होते रे?’ मला सांगता आलं नाही. मी विमा कंपनीची कामं सोडली, पण त्या प्रश्नाचं उत्तर बरीच वर्षं काढलं नाही. गुरुजी गेले, त्या रात्री फाईल काढून बसलो.

टायरच्या खुणा ३५ मीटर, म्हणजे ट्रकचा वेग ताशी ८० च्या घरात. वळणावरून दिसायला लागल्यापासून तिच्यापर्यंत ६० मीटर. ब्रेक धरूनही जेमतेम तीन सेकंद. रस्ता ७ मीटर. नऊ वर्षांच्या मुलीला तो चालत ओलांडायला सहा सेकंद लागतात. तिनं पाऊल टाकलं तेव्हा रस्ता मोकळा होता. दोन्हीकडं पाहिलं असतं तरी मोकळाच दिसला असता. माझा उलटतपासातला प्रश्न गणितातच चुकलेला होता.

ट्रक ताशी ३० नं आला असता, तर वळणापासून तिथवर यायला त्याला सात सेकंद लागले असते. सातव्या सेकंदाला ती पलीकडच्या कडेला असती, कागदाची गुंडाळी घेऊन, घरी जाणारी.